बाटलीतल्या मुळाचा श्वास

पारशिवनी तालुक्यात पेंचच्या कालव्याचं पाणी आलं की धानाच्या बांध्या भरतात. त्या पाण्यात धान आठवडेच्या आठवडे खुशाल उभा राहतो. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बुडाशी मात्र चार दिवस पाणी तुंबलं, तर ती मान टाकते. धानाच्या मुळात पोकळ्यांची सलग वाट असते. पानांकडचा प्राणवायू तिच्यातून थेट चिखलापर्यंत उतरतो. पऱ्हाटीची भिस्त मातीच्या फटींतल्या हवेवर.

प्रयोगशाळेत मूळ तोडूनच वाढवतात, म्हणजे वरची वाट बंद. धानाचं असो की कपाशीचं, त्याला भोवतालच्या द्रवातून मिळेल तेवढाच प्राणवायू.

१९२२ मध्ये जर्मनीत कोटे आणि अमेरिकेत रॉबिन्स यांनी, एकमेकांच्या नकळत, मुळांची टोकं निर्जंतुक पात्रांत वाढवली. रॉबिन्सने घेतलेल्या पिकांत कपाशीही होती. ती मुळं काही काळ वाढली आणि थांबली. १९३४ मध्ये फिलिप व्हाइटने टोमॅटोचं मूळ मात्र अखंड वाढतं ठेवलं: टोक कापायचं, नव्या द्रवात घालायचं, पुन्हा कापायचं. श्रेय मिळालं ते द्रवातल्या यीस्टच्या अर्काला, आणि ते योग्यच होतं. पण रुंद बुडाच्या पात्रातला द्रवाचा उथळ थरही मला तितकाच मोलाचा वाटतो. २५ अंश तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. शिवाय पाण्यातून तो हजारो पटींनी सावकाश सरकतो. तो कमी पडला की मूळ साखर आंबवून मद्यार्क करू लागतं. ऊर्जा थोडीच मिळते, वाढ खुंटते. पात्रं यंत्रावर सतत हलवत ठेवतात ती यासाठीच.

खरी अडचण आली केसाळ मुळांपाशी. एका जिवाणूच्या संसर्गाने ही मुळं फुटतात. त्या जिवाणूचा डीएनए मुळाच्या पेशींत शिरतो, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं. ती संप्रेरकांशिवाय झपाट्याने फांदतात, औषधी द्रव्यंही बनवतात. पण वाढता वाढता त्यांचा गच्च गुंता होतो. खालून सोडलेले हवेचे बुडबुडे त्याला वळसा घालून निघून जातात आणि आतली मुळं साखरेत बुडालेली असूनही गुदमरतात.

म्हणून काही संशोधकांनी मुळं द्रवातून बाहेरच काढली, जाळीवर ठेवली आणि पोषकद्रव धुक्यासारखा फवारला. धुकं फार झालं तर मुळांवर पुन्हा पाण्याचा जाड पापुद्रा बसतो. त्यामुळे ते थांबून थांबून सोडावं लागतं.