चित्रातले सोने

औंध सातारा जिल्ह्यातले. तेथील श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा (1848–1906) यांची चित्रे आहेत. तंजावरचे चितारी चित्रातल्या दागिन्यांना खरा सोन्याचा वर्ख लावीत. रविवर्म्यांनी नुसत्या तैलरंगात सोने चमकविले. सोने ओळखू येते ते त्यावर पडलेल्या कवडशांवरून, ही त्यातली मेख. 1980 साली टर्नर व्हिटेड यांनी परतणाऱ्या आणि वळणाऱ्या किरणांचा माग संगणकाकडून काढविला. म्हणून आज विद्यार्थ्याने योजलेली ठुशी घडण्याआधीच पडद्यावर लखलखते. सांगलीकडे, विटा-आटपाडीच्या गलईवाल्यांच्या मुलखात, याचे मोल सांगायला नको. घडलेली ठुशी नापसंत पडली, तर आटवताना तूट येते, मजुरीही बुडते. चित्र मात्र खुशाल दहादा मोडा! तिचा मणी गळ्याला टोचेल का, हे अजून कारागिरालाच विचारावे लागते.