नागरी अक्षरांतील एक साक्षपत्र

पणजीच्या चर्चजवळील उद्यानात आम्ही नुकतीच एक संध्याकाळ घालविली. या उद्यानास गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. तो १५३४ साली गोव्यात आला आणि १५६३ साली येथेच त्याने आपला औषधीविषयक संवादग्रंथ छापविला. आपले भिरंड त्यात आहे. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही त्यात बोलतो. पुढे १५८० साली, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, इन्क्विझिशनने ज्यू वंशातील या ग्रंथकाराच्या अस्थी उकरून जाळल्या!

त्याच शतकात आपली देवळे पाडली गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतील नार्व्यास आला. कित्येक कुटुंबे तर दूर कोचीस गेली. आपली विद्या मात्र त्यांनी सोबत नेली. तेथे व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे निघाला. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर त्या कामी रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. त्यांचे २० एप्रिल १६७५ चे साक्षपत्र पहिल्या खंडात छापले आहे. भाषा कोंकणी, लिपी नागरी!

साक्षीपुरावे तपासण्यात ज्यांचे आयुष्य चालले आहे अशा आम्हांस त्या पत्राचे मोल विशेष वाटते. ज्ञान देणारे बहुधा निनावीच राहतात. या तिघांनी आपली नावे लिहून ठेवली, म्हणून ती राहिली.

डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. तोवर देवळे पाडण्याचे दिवस सरले होते. म्हणून या दोन्ही महालांत देवळांसवे देवाच्या राईही टिकल्या. हीच आपली खरी वनस्पतिउद्याने. परंतु तेथे झाडांवर पाट्या नाहीत. त्यांची नावे व गुण वृद्धांच्या मुखी आहेत. इकडे डिचोलीत खाणींनी डोंगर पोखरले. पेडण्यात मोपाच्या विमानतळासाठी हजारो वृक्ष तुटले.

आमची महाजनांस एवढीच विनंती, की येत्या उत्सवात देवळात एक वही ठेवावी. राईतील प्रत्येक झाडाचे नाव व उपयोग जाणत्यांकडून तीत लिहून घ्यावा आणि खाली सांगणाऱ्याची सही घ्यावी.