जेसन एक्स

जेसन एक्स हा जेम्स आयझॅक दिग्दर्शित इंग्लिश विज्ञानकथात्मक भयपट आहे. ‘फ्रायडे द थर्टिन्थ’ या अमेरिकन चित्रपटमालिकेतील हा दहावा चित्रपट २६ एप्रिल २००२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा टॉड फार्मर यांची असून जेसन व्होरहीसची भूमिका केन हॉडर यांनी चौथ्यांदा व अखेरची केली.

पार्श्वभूमी

१९८० साली सुरू झालेली ही मालिका स्लॅशर प्रकारात मोडते. या प्रकारात एक मारेकरी एकाकी जागी सापडलेल्या तरुणांना एकेक करून ठार मारतो. नवव्या भागानंतर (१९९३) जेसन आणि फ्रेडी क्रूगर यांना एकत्र आणणारा चित्रपट वर्षानुवर्षे रखडला. मधल्या काळात जेसन प्रेक्षकांच्या विस्मरणात जाऊ नये, म्हणून हा चित्रपट काढण्यात आला. कथा दूरच्या भविष्यात नेल्यामुळे नियोजित चित्रपटाच्या घटनाक्रमाला बाध येत नव्हता.

कथानक

२०१० साली कैदेतील जेसन आणि शास्त्रज्ञ रोवन (लेक्सा डॉइग) दोघेही गोठवले जातात. २४५५ साली, निर्मनुष्य झालेल्या पृथ्वीवर अभ्याससहलीस आलेले विद्यार्थी त्यांना ‘ग्रेंडेल’ या अंतराळयानात नेतात. तेथे जेसन जागा होऊन हत्यासत्र आरंभतो. यंत्रमानव के-एम १४ (लिसा रायडर) त्याचा देह छिन्नविच्छिन्न करते; परंतु यानातील उपचारयंत्रणा अब्जांश तंत्रज्ञानाने त्याला धातूचे अवयव देऊन अधिकच बलाढ्य बनवते.

स्थलांतराचे स्वरूप

काळ आणि स्थळ बदलले, तरी मालिकेची मूळ चौकट कायम राहते. क्रिस्टल लेकच्या अरण्यातील शिबिराची जागा यान घेते. येथूनही पळून जाण्यास वाट नाही. बंदिस्त यानातील भयाचा हा वापर रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटात आधीच दिसला होता. विज्ञानाची भूमिका मात्र दुहेरी आहे: जखमी माणसांना वाचवणारे तंत्रज्ञानच मारेकऱ्यालाही नवजीवन देते. एका प्रसंगी जेसनला गुंतवून ठेवण्यासाठी क्रिस्टल लेकचा त्रिमितीय आभास उभा केला जातो. त्यातील झोपण्याच्या पिशवीचा प्रसंग सातव्या भागातील (१९८८) गाजलेल्या हत्येची आठवण करून देतो. मालिका येथे स्वतःच्याच ठरीव संकेतांची थट्टा करते.

प्रतिसाद

अमेरिकेत चित्रपटाने सुमारे १.३ कोटी डॉलर मिळवले. समीक्षकांचे मत बहुतांशी प्रतिकूल होते. तथापि विनोदी बाजामुळे त्याला पुढे चाहतावर्ग लाभला. रखडलेला ‘फ्रेडी व्हर्सेस जेसन’ २००३ साली प्रदर्शित झाला आणि २००९ च्या चित्रपटात मालिकेची कथा नव्याने आरंभण्यात आली. अंतराळातील कथानक चित्रपटांतून पुढे नेले गेले नाही.