फोटोच्या पाठीवरची उर्दू

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. तळा तसं समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीत. तरी आमच्या जुन्या घराचे पत्रे उडाले आणि माळ्यावरची लोखंडी पेटी रात्रभर भिजली. पेटीत दोन-तीन पिढ्यांचे फोटो होते. सकाळी उघडली तेव्हा ते एकमेकांना चिकटले होते. चेहरे बरेचसे वाचले. पाठीमागे शाईच्या पेनाने लिहिलेला उर्दू मजकूर मात्र ठिकठिकाणी पसरला होता. माझं खरं नुकसान तिथं झालं, पण हे कळायला मला वर्ष लागलं.

आमच्या घरात फोटो तसा उशिरा आला. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तिथून कोकणातल्या मुसलमान घरापर्यंत कॅमेरा यायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. कारण केवळ गरिबीचं नव्हतं. तसवीर जायज की नाजायज, हा वाद उलेमांमध्ये होता आणि घरातले बुजुर्ग भिंतीवर फोटो लावू देत नसत. मग फोटो आला तो कागदपत्रांच्या वाटेने. पासपोर्टसाठी, हजसाठी. दादीचा आमच्याकडचा एकमेव फोटो हजला जाताना काढलेला आहे. तेव्हा मुंबईहून बोटीने हजला जात. 1995 नंतर ती बोट बंद झाली.

पुढे आखाती देशांत तेलाचा पैसा आला आणि कोकणातली तरुण मुलं तिकडे गेली. पत्रांतून रंगीत फोटो येऊ लागले. मोठ्या चाचांच्या एका फोटोमागे ‘कुवेत, ईदचा दिवस, 1977’ असं लिहिलंय आणि शेजारी उभ्या असलेल्या चौघांची नावं, गावासकट. समोरची बाजू म्हणजे चेहरा, पाठची बाजू म्हणजे इतिहास. दोन्ही मिळून एक दस्तऐवज.

वादळानंतर भाचा म्हणाला, “मामू, सगळे स्कॅन करून क्लाउडवर टाका. पुन्हा भिजायची भीती नाही.” 2021 च्या सुट्टीत मी साडेअकराशे फोटो स्कॅन केले. क्लाउड म्हणजे ढग नव्हे, कुठल्यातरी इमारतीत रात्रंदिवस चालणारी यंत्रं. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला जुलै 2020 मध्ये, म्हणजे वादळानंतर महिन्याभरात, योट्टाचं तसलं मोठं केंद्र सुरू झालं. थोडक्यात, पेटी आपल्या माळ्यावरून दुसऱ्याच्या माळ्यावर गेली. तिथं भाडं असतं आणि नियम मालकाचे. गूगल फोटोजने 2015 मध्ये थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवायची सोय दिली होती. 1 जून 2021 पासून ती बंद झाली. आता ईमेल, फाइली आणि फोटो मिळून 15 जीबी फुकट, पुढे पैसे.

फोटो चढवले आणि पाहतो तर काय, माझ्या जन्माआधी वारलेले दादा 2021 च्या मे महिन्यात दिसत होते! यंत्राने स्कॅनची तारीख हीच फोटोची तारीख धरली होती. सारख्या चेहऱ्यांचे गट त्याने बिनचूक केले, पण प्रत्येक गटाखाली विचारत होतं, हे कोण? उत्तर फोटोच्या पाठीवर होतं आणि पाठ मी स्कॅनच केली नव्हती.

काम पुन्हा सुरू केलं. प्रत्येक फोटोची पाठ वेगळी स्कॅन केली, तारीख हाताने दुरुस्त केली, वर्णनाच्या जागी उर्दू मजकूर आणि खाली मराठी लिहिलं. मराठी अशासाठी की आमची पुढची पिढी मराठी आणि इंग्रजी शाळेत शिकते. आजोबांचं अक्षर त्यांच्यासमोर ठेवलं तरी त्यांना वाचता येत नाही.

पुसलेल्या मजकुरासाठी फुफीकडे गेलो. तिने पहिला प्रश्न केला, “माझा फोटो कोण कोण बघणार?” मी गडबडलो. अल्बमची लिंक मी नात्यातल्या ग्रुपवर टाकली होती, आणि ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं दिसणार होतं. पेटीची किल्ली निदान कमरेला असायची. त्याच दिवशी लिंक बंद केली. घरातल्या बायकांचे फोटो आता त्यांना विचारूनच वेगळ्या अल्बममध्ये ठेवतो.

आणखी दोन गोष्टी शिकलो. फोन आणि क्लाउड जोडलेले असतील तर एकीकडे पुसलेला फोटो दुसरीकडूनही जातो. म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवर आहे, एक बहिणीच्या घरी, आणि मूळ फोटो सुकवून डब्यात. दुसरी गोष्ट वारशाची. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकू शकतं. आपल्यामागे खातं कोणाला मिळावं, हे सेटिंगमध्ये आधीच नोंदवता येतं. आमच्या एका नातेवाइकाचे वीस वर्षांचे फोटो त्याच्या पासवर्डबरोबरच गेले. जमीन-घराची वसीयत आपण करतो, मग या अमानतीची का नको?

फुफीने सत्तरेक चेहऱ्यांची नावं सांगितली. काही ठिकाणी ती बराच वेळ थांबली, मग मान हलवली. चाळीस फोटो आजही बिननावाचे आहेत. ते क्लाउडवर सुरक्षित आहेत, पण कोणाचे आहेत हे सांगणारं आता कोणी नाही.

तेव्हा वाचकहो, फोटो चढवायची घाई नको. आधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी पेटी घेऊन बसा.