सेल्युलर तुरुंग बंद करण्याची मागणी आणि वऱ्हाड : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे लेखन प्रामुख्याने जंगल सत्याग्रहाच्या अंगाने झाले आहे. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे कायदेभंग करून कारावास पत्करला. तथापि अंदमानातील सेल्युलर तुरुंग बंद करण्याच्या मागणीशी वऱ्हाडच्या राजकारणाचा आलेला संबंध सहसा विचारात घेतला जात नाही. ही मागणी एकदा मान्य होऊनही पुन्हा का करावी लागली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तुरुंगाची रचना व छळाचे स्वरूप :

अंदमानात 1858 पासून काळ्या पाण्याची वसाहत होती. तेथे 1896 ते 1906 या काळात सेल्युलर तुरुंग बांधण्यात आला. मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात तिमजली इमारतींत सुमारे 700 एकांत कोठड्या होत्या. एका इमारतीच्या कोठड्यांची दारे दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे उघडत, त्यामुळे बंद्यांना परस्परांचे तोंडही दिसत नसे. एकांतवास हा येथे शिक्षेचा अपवाद नसून इमारतीच्या बांधणीचाच भाग होता.

कोलूला जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढणे, काथ्या कुटणे ही सक्तीची कामे होती. काम अपुरे राहिल्यास दंडाबेडी, उभी हातकडी व फटके यांचा अवलंब होई. 1912 मध्ये इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत आत्महत्या केली, तर उल्हासकर दत्त यांच्या मनावर परिणाम झाला. याच वर्षी होतीलाल वर्मा यांनी गुप्तपणे बाहेर पाठविलेला वृत्तांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या ‘बंगाली’ या पत्राने प्रसिद्ध केला आणि तुरुंगाच्या भिंतीआडचे वास्तव देशापुढे आले.

वऱ्हाडचा संबंध :

1913 मध्ये गृहसदस्य सर रेजिनाल्ड क्रॅडॉक यांनी तुरुंगाची पाहणी करून राजबंद्यांच्या भेटी घेतल्या. हेच क्रॅडॉक 1907 ते 1912 या काळात मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुख्य आयुक्त, म्हणजेच यवतमाळचेही सर्वोच्च प्रशासक होते. त्यांच्या भेटीनंतर मुदतीची शिक्षा झालेल्या काही राजबंद्यांना मुख्य भूमीवर परत आणण्यात आले. जन्मठेपेचे बंदी मात्र तेथेच राहिले. 22 मार्च 1920 रोजी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी केंद्रीय विधिमंडळात सावरकर बंधूंच्या अर्जांबाबत सरकारला प्रश्न विचारला. अंदमानचा प्रश्न अशा रीतीने वऱ्हाडच्या प्रतिनिधीमार्फत सभागृहात पोहोचला होता.

मान्य झालेली मागणी व तिचा भंग :

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील तुरुंग समितीने (1919-20) कैद्यांना सरसकट अंदमानात पाठविण्याची पद्धत थांबविण्याची शिफारस केली. 1921 मध्ये सरकारने ही वसाहत मोडण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी सावरकर बंधूंना मुख्य भूमीवर आणण्यात आले.

परंतु हा निर्णय केवळ प्रशासकीय होता. काळ्या पाण्याची शिक्षा दंडसंहितेत कायम होती, कोठड्याही उभ्या होत्या. परिणामी 1932 मध्ये सरकारने क्रांतिकारकांना पुन्हा तेथे पाठविण्यास प्रारंभ केला. 8 मे 1933 रोजी गांधीजींची येरवड्यातून सुटका झाली आणि काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष म्हणून बापूजी अणे यांनी गांधीजींच्या सल्ल्यानुसार सविनय कायदेभंग सहा आठवड्यांसाठी स्थगित केला. मुख्य भूमीवरील बंद्यांच्या सुटकेची चर्चा सुरू असतानाच, 12 मे रोजी अंदमानात अन्नत्याग सुरू झाला. बळजबरीने अन्न घालण्याच्या प्रयत्नांत महावीर सिंह, मोहनकिशोर नमदास व मोहित मैत्र यांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर सोयी काहीशा सुधारल्या, पण तुरुंग बंद झाला नाही.

जुलै 1937 मध्ये बंद्यांनी पुन्हा अन्नत्याग केला. या वेळी सोयींपुरती मागणी न करता त्यांनी मुख्य भूमीवर परत नेण्याचीच मागणी केली. प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली होती. गांधीजी व रवींद्रनाथ टागोर यांनीही या प्रश्नात लक्ष घातले. जानेवारी 1938 पर्यंत सर्व राजबंदी परत आणले गेले.

निष्कर्ष :

सोयींतील सुधारणा आणि तुरुंग बंद होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे 1933 व 1937 च्या तुलनेतून स्पष्ट होते. तसेच शिक्षा कायद्यातून काढल्याशिवाय तुरुंग बंद करण्याचा निर्णय टिकत नाही, हे 1921 व 1932 च्या तुलनेतून दिसते. काळ्या पाण्याची शिक्षा दंडसंहितेतून 1955 च्या दुरुस्तीने वगळली गेली. सेल्युलर तुरुंग 1979 मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण करण्यात आला. तेव्हा सातपैकी तीनच इमारती शिल्लक होत्या.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ भूतकाळापुरते नाही. गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तरी त्यामागील दृष्टी तुरुंगांच्या नियमावल्यांत टिकून राहिली. जातीवर आधारित कामांची वाटणी करणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींकडे जन्मजात संशयाने पाहण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवले. ज्या यवतमाळ जिल्ह्यात आजही पारधी बेडे आहेत, तेथे अंदमानचा इतिहास केवळ हुतात्म्यांच्या गौरवापुरता शिकविणे अपुरे ठरेल. दार बंद झाले तरी नियम जिवंत राहू शकतो, हा त्या इतिहासाचा धडा आहे.