दहा मार्कांची वाटणी

अर्थशास्त्राच्या ग्रंथांत एक मोठा मासलेवाईक गृहस्थ पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसला होता. त्याला मित्र नाही, शेजारी नाही, भिडेचे तर नावच नाही. जिच्यात आपला फायदा अधिक ती गोष्ट उचलायची, एवढेच त्याला ठाऊक. पंडितांनी त्याच्या भरवशावर मोठमोठी समीकरणे रचली. पण तो राहतो कुठे, हे पाहायला सहसा कोणी घराबाहेर पडत नसे.

जर्मनीतील कोलोनला वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधा खेळ मांडला. त्याची हकीगत १९८२ साली प्रसिद्ध झाली. दोन विद्यार्थी, एकमेकांना अनोळखी. पहिल्याच्या हाती चार ते दहा मार्क. त्यांतले किती दुसऱ्याला द्यायचे ते त्याने ठरवावे. दुसऱ्याने ‘घेतो’ म्हटले तर तशी वाटणी होईल; ‘नको’ म्हटले तर दोघांच्याही हाती भोपळा! ग्रंथातला गृहस्थ दुसऱ्यापुढे चिल्लर टाकील, आणि समोरचाही काहीच नसण्यापेक्षा ती बरी म्हणून निमूटपणे उचलील. प्रत्यक्षात एकवीस जोड्यांपैकी सात जणांनी थेट निम्मी रक्कम देऊ केली, आणि वाटा फार तोकडा वाटला तेव्हा समोरच्याने तो झिडकारलाही. म्हणजे पदरचे घालवून माणसाने अपमान परतवला. मौज अशी की, आठवड्याने त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा बसवले तेव्हा देणाऱ्यांचे हात आखडले होते. विचाराला सवड मिळाली की औदार्य बहुधा असेच आटते.

पण मग हे औदार्य की नकाराचे भय? १९८६ साली कानेमान, नेच व थेलर या त्रयीने नकाराचा हक्कच काढून घेतला. वीस डॉलर आहेत. दहा-दहा वाटा, नाहीतर अठरा स्वतः ठेवून दोन द्या. १६१ विद्यार्थ्यांपैकी शेकडा ७६ जणांनी समान वाटणी पत्करली. माणुसकीचा जय झाला म्हणावे, तोच १९९४ साली दुसऱ्या एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात देणारा कोण हे प्रयोगकर्त्यालाही कळू नये, अशी व्यवस्था होती, आणि देणाऱ्याला आपल्या मर्जीने काहीही देण्याची मुभा होती. सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी एक छदामही दिला नाही. दानपेटीभोवती चार डोळे असले की नाणे जास्त खणखणते, ते उगाच नाही.

हे सारे झाले विद्यापीठांच्या भिंतींआड. जोसेफ हेन्रिक हा तरुण मानववंशशास्त्रज्ञ १९९६ साली हाच कोलोनचा खेळ घेऊन पेरूच्या अरण्यात माचिगेंगा लोकांकडे गेला. ही कुटुंबे आपापली शेती, शिकार करून राहणारी. परक्याशी देवघेव बेताची. तिथे पुष्कळांनी शेकडा पंधराच्या आसपास देऊ केले, आणि एकवीस जणांत नकार आला एकाचाच. अपमान कसला? वाटणी करण्याची पाळी आपल्यावर आली नाही, हे नशीब, असे ते समजत.

मग निरनिराळ्या पंधरा समाजांत हा खेळ झाला. इंडोनेशियातील लामालेरा गावचे लोक देवमाशाची शिकार करतात. नाव घेऊन पुष्कळांनी एकदम समुद्रात जायचे, आणि मासा मिळाला की ठरल्या रिवाजाने तुकडे वाटायचे. तिथे पैशांऐवजी सिगारेटची पाकिटे वाटायला दिली, तेव्हा लोकांनी सरासरीने निम्म्याहून अधिक देऊ केले. न्यू गिनीतील आउ आणि ग्नाउ लोकांनी तर कमाल केली. समोरच्याने निम्म्याहून जास्त देऊ केले, तरीही काहींनी ते परतवले! त्यांच्याकडे न मागता आलेली भेट म्हणजे डोक्यावरचे ऋण. देणारा पुढे केव्हा काय मागेल याचा नेम नाही. आहेराची वही जपून ठेवणाऱ्या आपल्या घरांतील वडील बायकांना हे समजावून सांगायला नको.

आपल्या देशातही हा खेळ आला, मेघालयातील खेड्यांत. त्याचा वृत्तान्त २०११ साली प्रसिद्ध झाला. वाटायची रक्कम कुठे वीस रुपये, कुठे दोनशे, कुठे दोन हजार, आणि कुठे चक्क वीस हजार. म्हणजे तिथल्या मजुराच्या सुमारे सोळाशे तासांची कमाई. लहान रकमांत तोकडा वाटा लोक फेटाळत. वीस हजारांच्या खेळात देऊ केलेला हिस्सा बहुधा थोडाच असे. पण चोवीस जणांत ‘नको’ म्हणणारा निघाला एकच.