पेशी मारली गेली, की स्वतःहून मेली?

आज आपण मांडवीत बसलोय, तेव्हा सुरुवात आंब्यापासूनच करू. आंब्याच्या पानावर कधी कधी काळे, कोनाकोनांचे ठिपके पडतात, भोवती पिवळी कड असते. फळावर आले तर साल तडकते. हा रोग जिवाणूचा, अशी नोंद पटेल, मोनिझ आणि कुलकर्णी यांनी १९४८ साली ‘करंट सायन्स’मध्ये केली. एम. के. पटेल हे पुण्यात काम करणारे, आपल्याकडच्या वनस्पती-जिवाणुशास्त्राचा पाया घालणारे शास्त्रज्ञ.

आता प्रश्न असा की डाग म्हणजे मेलेल्या पेशी. पण त्या मारल्या कुणी? जिवाणूने, हे सरळ उत्तर झालं. इतिहास मात्र जरा वेगळा आहे.

१९१५ साली अमेरिकेत स्टॅकमन तांबेरा रोगाचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं की रोगाला दाद न देणाऱ्या गव्हात बुरशी शिरली की आसपासच्या पेशी झटकन मरतात, आणि बुरशी तिथेच अडकते. या प्रकाराला त्यांनी अतिसंवेदनशीलता म्हटलं. डोंगरावर वणवा अडवायला आपण गवताचा पट्टा आधीच जाळून टाकतो ना, तसंच हे.

जिवाणूंच्या बाबतीत हे दाखवलं बुडापेस्टच्या झोल्तान क्लेमेंट यांनी, १९६३ साली. दुसऱ्या झाडांवर रोग करणारे जिवाणू त्यांनी सुईने तंबाखूच्या पानात सोडले. साधारण दिवसभरात तेवढा भाग कोमेजून वाळला. निरुपद्रवी जिवाणू सोडले, तर काहीच झालं नाही.

मग हा मृत्यू घडवतो कोण? १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाला जिवाणूचं एक प्रथिन सापडलं, हार्पिन. ते एकटंच पानात सोडलं तरी पेशी मरतात. पुढच्याच वर्षी शेंग यांग ही, अ‍ॅलन कोल्मर आणि सहकाऱ्यांनी आणखी एका जिवाणूच्या हार्पिनवर खरी कसोटी घेतली. पानाला नवी प्रथिनं बनवता येणार नाहीत असं औषध त्यांनी सोबत दिलं. पेशी मेल्या नाहीत! म्हणजे हार्पिन पेशीला थेट मारत नव्हतं. ते फक्त इशारा देत होतं. मरण्याची तयारी पेशीची स्वतःची होती. यालाच पेशीचा नियोजित मृत्यू म्हणतात.

सगळीच जिवाणू-द्रव्यं अशी नसतात, हेही लक्षात घ्या. स्पेनमध्ये आंब्याचे शेंडे वाळवणाऱ्या जिवाणूत मँगोटॉक्सिन नावाचं विष सापडलं. ते आर्जिनिन या अमिनो आम्लाची घडण अडवतं. तिथे पेशीची उपासमार होते. हार्पिनच्या वेळी पेशी निर्णय घेते. मेलेली पेशी वरून मात्र सारखीच दिसते.

आणि एक गंमत. क्लेमेंट यांनी भरमसाट जिवाणू एकदम सोडले, म्हणून तो मृत्यू डोळ्यांना दिसला. बागेत दोन-चार जिवाणू शिरतात, दोन-चार पेशी मरतात, लढाई संपते. आपल्याला पत्ताही लागत नाही. बागेत आपण जे डाग मोजतो, त्यातल्या बऱ्याचशा झाडाने हरलेल्या लढाया असतात.

म्हणून टिकाऊ कलम निवडताना फक्त डागी झाडाकडे बघून भागत नाही. शेजारी, त्याच पावसात, स्वच्छ राहिलेलं झाड कसं तगलं, हेही विचारायला हवं.